परत न करायचं मडकं

आमच्या गल्लीत ते एकच आहे.
मालक कोण, विचारू नका.
फांग शिंपीण सांगते, तिच्या सासऱ्यांनी आणलं,
ज्या वर्षी पूल खचला त्या वर्षी.
लुओ न्हावी म्हणतो, छे, ते आधीपासून होतंच.

पोट काळं, मान आखूड,
ओठाला टवका, कानाला तार गुंडाळलेली.
साबण त्याला कधी शिवलेला नाही.

नियम एवढाच:
ज्याला हवं त्यानं जाऊन आणायचं
आणि काम झालं की ठेवून घ्यायचं.
परत नेऊन दिलं, तर दुखणंच परत दिल्यासारखं.
आमच्या झिगोंगमध्ये उसनं मीठसुद्धा
माणसं मोजून फेडतात.
हे एकच देणं असं, की फेडणं म्हणजे वैर.

ह्या खेपेला मी गेले.
बाबांचा खोकला.
तीस वर्षं खाऱ्या पाण्याच्या कढयांपुढे उभं राहून
त्यांनी वाफ गिळली.
आता ती निघते, बहुतेक रात्री तीननंतर.
इस्पितळातला फोटो स्वच्छ आला.
गोळ्या संपल्या.
खोकला राहिला.

ख्वांग वैद्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली
आणि खिडकीबाहेर बघत बसले,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसे.
"तार," म्हणाले. "ताणलेली. कुणावर रागावलाय?"
"तुम्ही खोकल्याचं बघा," बाबा म्हणाले.

मागे शंभर खणांचं कपाट.
त्यांची भाची न बघता खण ओढत होती,
हातातल्या तराजूवर जर्दाळूच्या बिया, तुतीची पानं,
रातकिड्यांच्या पोकळ काती
("आता किडे चारणार मला!")
आणि संत्र्याची वाळकी साल.
"जुनी तितकी गुणाची. ही अकरा वर्षांची आहे."
अकरा.
म्हणजे कुणीतरी हे संत्रं सोललं
तेव्हा आई होती.
मी बाबांकडे बघितलं.
ते पुडीची गाठ बघत होते.

थंड पाण्यात अर्धा तास. मग मोठी आंच, मग बारीक.
साखर औषधालासुद्धा नाही.
घरभर वास, ओल्या झाडाखाली
कुणी जुने कागद जाळावेत तसा.
त्यात फांगच्या सांध्यांचा वास,
लुओच्या बायकोच्या बाळंतपणाचा,
ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत त्यांच्या तापांचा.
बाबा भिंतीकडे तोंड करून प्याले.

चोथा मी रस्त्यावर ओतला. तशी रीतच आहे:
जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तुडवायचा,
पायापायानं दुखणं लांब न्यायचं.
एक प्रकारचा उतारा.

पहाटे खराट्याचा आवाज.
खाली बघते तर बाबा, स्वेटरवर स्वेटर,
ओला चोथा सुपात भरतायत.
"इथून पोरं शाळेत जातात," म्हणाले.
"माझा खोकला त्यांनी का न्यावा?"
आणि खोकत खोकत तो
भोपळ्याच्या वेलाखाली पुरून आले.

सात पुड्या झाल्या. मग आणखी सात.
गुण आला का? लुओ रोज विचारतो.
काय सांगू. खोकला आहे.
पण तीनला उठतात ते आता एकटे बसत नाहीत,
मला हाक मारतात,
आणि एकदा, दिवा न लावता,
आईबद्दल बोलले. रागानंच बोलले,
पण बोलले.

मडकं आमच्या फळीवर आहे.
सगळा हिवाळा कुणी आलं नाही.
त्याच्या रिकाम्या पोटात कोळ्यानं जाळं धरलं,
मी ते मोडलं नाही:
गल्ली बरी आहे, असं म्हणत होतं ते.

काल रात्री जिन्यात पावलं थांबली.
समोरच्या घरची नवी सून, हातात पुडी,
दारात उभी, काय म्हणायचं ते न सुचून.

मी विचारलं नाही कोण आजारी.
बाबाच उठले.
फुंकर मारून जाळं काढलं,
बाहीनं ओठ पुसला, टवक्याजवळ हळूच,
आणि तिच्या हातात दिलं नाही.
फळीवरच परत ठेवलं
आणि बाजूला सरकले.

तिनंच घ्यायला हवं ना.