दोन घंट्या म्हणजे चला

घर पाहावं बांधून, म्हणतात.
माझ्या बापाने पाहिलं ओढून:
पॉपलरच्या डेपोतून भंगारात निघालेली ट्राम,
चाकं काढलेली, वरचा मजला कापलेला,
बारा पौंडांना, हप्त्याने.
सव्वीस सालचा मे. संप चालू होता
म्हणून कंडक्टर इनोक डॅबरला सवड होती.
लंडनहून ती आणली कशी, ते त्याने कधी नीट सांगितलं नाही.
शेवटचा पाऊण मैल तर रस्ताच नव्हता.
दोन घोडे, गोल ओंडके, सहा माणसांच्या शिव्या,
आणि वाळूत एकदाची ती टेकली
समुद्राकडे तोंड करून.

वीस फूट रुंद, शंभर फूट लांब जमीन.
त्यातली अर्धी भरतीची, असं आई म्हणायची.

पाणी नळावरून, नळ चर्चच्या पलीकडे.
बादलीत लाकडाची चकती तरंगत ठेवायची
म्हणजे हिंदकळत नाही; तरी माझे मोजे भिजायचेच.
रॉकेलच्या स्टोव्हवर बांगडे.
चहात डब्यातलं गोड दूध, दुधात वाळू.
वाळू अंथरुणात, वाळू केसात,
सोमवारी शाळेत पाटीवर वाळू.

डाव्या हाताला लिपमन शिंपी, स्टेपनीचे,
विमानाच्या खोक्यात सहकुटुंब.
खोक्यावर अजून छापलेलं: ही बाजू वर.
उजवीकडे क्रॅकनेल बाई आणि तिची बहीण,
दोन जुन्या बस पाठीला पाठ लावून.
दोघी भांडल्या की मधलं दार बंद,
मग माझ्या हातून चिठ्ठ्या.
प्रत्येकाने घराला नाव दिलेलं, रंगाने, वाकडंतिकडं.
‘आलो एकदाचे’. ‘पुरे झालं’.
बापाने लिहिलं, ‘तिकीट काढलंय’.

गावातले बडे लोक पेपरात पत्रं पाठवायचे
की किनाऱ्याला गळवं झालीत.
लिपमन ते मोठ्याने वाचून दाखवायचे, ऐटीत,
आणि सगळी गळवं हसायची.

ट्रामच्या बाकांची पाठ उलटी फिरायची.
आई ती जमिनीकडे करून बसायची,
बाप समुद्राकडे.
पाठीला पाठ लावून दोघं वाटाणे सोलायची,
मधे मी, टोपली घेऊन.
एवढी जवळ ती पॉपलरला कधी बसली नाहीत.

रात्री दिवा मालवण्याआधी बाप दोरी ओढायचा.
एक घंटी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला.
तो दोन वाजवायचा.
डोळे मिटून मी वाट पाहायचे धक्क्याची.
बाहेर लाट यायची, जायची.
आमचा डबा जागचा हलायचा नाही
आणि तरी सकाळी वाटायचं, लांब आलोय.

चाळीस सालच्या जूनमध्ये एक अधिकारी आला,
कोवळा, कानापर्यंत उन्हाने लाल.
किनारा मोकळा हवा, तोफांना समोरचं दिसायला.
चोवीस तास.
कागद बापाच्या हातात दिला.
बापाने तो वाचला, उलटा करून पाहिला,
गणवेशाच्या खिशातून पंच काढला
आणि कोपऱ्यात भोक पाडून
कागद परत केला.
सवयीने केलं की मुद्दाम, मला आजही ठरवता येत नाही.
त्या पोराने थँक्यू म्हटलं.
आई आत भांडी गुंडाळत होती, तिला हसू आवरेना.
मग ते हसू राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साखळी, ट्रॅक्टर.
चौदा वर्षांत पहिल्यांदा ती हलली.
पडदे आतच राहिले होते, खिडकीतून बाहेर आले.
दोरीजवळ कुणीच नव्हतं.
घंटी तरी वाजली, उंचवट्यावर आदळून,
एकदाच.
ती थांबली नाही.

आता तिथे काँक्रीटचा बांध आहे, गाड्या लावतात.
मी गेले होते मुलाबरोबर, खाऱ्या वाऱ्यात चिप्स खाल्ले.
कुठे होतं गं, त्याने विचारलं.
मी बांधाला पाठ लावून बसले,
मग उठून पलीकडच्या बाजूने बसले,
आणि म्हटलं, इथेच असेल,
थोडं पुढे.