मान खाली

दाराची चौकट वाकलीय, म्हणालीस आल्या दिवशी.
मला वाटलं, घराला नावं ठेवतेस.
मग म्हणालीस, तुझ्या तोंडाच्या मधोमध
कोणीतरी ओलं बोट फिरवलंय.
मला वाटलं, टोमणा.
नऊ वर्षांनी आलेल्या आईचं
एवढं चालायचंच, म्हणून मी चहा गाळत राहिले.

आतल्या पडद्याला भोक आहे, उजव्या डोळ्यात,
सुईच्या नेढ्याएवढं.
मग दोरा घालून शिवा की, म्हणालीस तू,
जन्मभर गावाचे ब्लाउज शिवलेली.
डॉक्टर नर्मीन हसल्या नाहीत.
शिवायचं नसतं, आत वायूचा बुडबुडा सोडायचा,
तो वर चढतो, भोक दाबून धरतो,
आणि डोळ्याची पाठ वर यावी
म्हणून माणसानं खाली बघायचं.
हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं,
जिन्सी सिस्टरनं हिंदीत, मी मराठीत.
दर भाषेत वाक्य झिजत आलं.
तुझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच :
मान खाली. सात दिवस.

मला मान खाली घालायला लावू नकोस,
सावंतवाडीच्या स्टँडवर, माझ्या बॅगेचा बंद न सोडता
तू म्हणाली होतीस.
नवऱ्याकडे परत न जाता मी मस्कतला आले,
म्हणजे लावलीच.
आता तेच शब्द माझ्या तोंडी,
जेवताना, नळाशी, अर्धवट झोपेत :
आई, मान.

खिडकीत रूवीचे उघडे डोंगर तापतात,
तुला ते दिसत नाहीत. तुझं मस्कत म्हणजे
सोळा फरश्या, माझी पावलं,
आणि एक तडा, ज्याला तू तेरेखोल म्हणतेस.
कपाटाखाली ती समुद्राला मिळते.
खालची मौझा खजूर घेऊन येते,
तिला तू पायांवरच्या मेंदीवरून ओळखतेस.

रात्री मी जागी. तू उताणी वळू नयेस
म्हणून पाठीवर हात.
मी कितव्या महिन्यात पालथी पडले
हे तुला तारखेसकट पाठ आहे.
तू पालथी पडलीस ती तारीख
मी लिहून ठेवलीय, थेंबांच्या तक्त्यावर :
पांढऱ्या झाकणाचे चारदा, गुलाबी दोनदा.
डोळ्यांत तेल घालून राखलं तुला, म्हणायचीस.
मी औषध घालते. तेलाइतकं जमत नाही.

तिसऱ्या दिवशी जमिनीवर आरसा ठेवला,
चांगल्या डोळ्याला टीव्ही दिसावा म्हणून.
टीव्ही दिसला नाही. मी दिसले.
तू फरशीतून बघत राहिलीस,
मीही उठले नाही.
स्टँडनंतर पहिल्यांदा नजरेला नजर.
बारीक झालीस, म्हणालीस आरशाला.
मग बऱ्याच वेळानं,
स्वयंपाक बरा करतेस. मीठ सोडून.

मनगटावर त्यांनी हिरवी पट्टी बांधली होती :
डोळ्यात वायू, विमान वर्ज्य.
अकरा वर्षांनी तुझ्या हातात हिरवं.
कोणी आलं की पदराखाली सारायचीस.
मग कधीतरी सारेनाशी झालीस,
कधी ते माझ्या लक्षात आलं नाही.

व्हिसा वाढवला. बुडबुडा आधी
हंड्यातल्या पाण्यासारखा हिंदकळायचा,
मग लिंबाएवढा, मग मोहरीएवढा,
आणि काल सकाळी तू त्याला शोधत बसलीस
चष्मा हरवल्यासारखी.
डॉक्टर नर्मीन म्हणाल्या, भोक मिटलं.
रेषा जराशा वाकतील अजून. तेवढं राहील.

मी पट्टी कापायला कात्री आणली.
तू दाराच्या चौकटीकडे बघत होतीस, मान वर,
एक डोळा मिटून, मग दुसरा.
सरळ आहे गं, म्हणालीस. जवळजवळ.
आणि हात मागे घेतलास :
असू दे आजचा दिवस.
विमान काय, पळून जातंय का.