मंगळवार आणि गुरुवार

मंगळवारी आणि गुरुवारी मी काउंटीची फिल्म अधिकारी असते.
उरलेले तीन दिवस कुत्र्यांचे परवाने देते,
त्याच खिडकीत, त्याच शिक्क्याने, फक्त पाटी उलटी करून.

पोर्टलंडहून ऑरेगनच्या या कोपऱ्यात यायला सहा तास.
शेवटचे दोन तास रेडिओवर एकच माणूस बोलतो,
तोही गव्हाच्या भावाबद्दल.
हे मी माहितीपत्रकात लिहिलं नाही.
लिहिलं: विनाव्यत्यय क्षितिज.
लिहिलं: विक्रीकर नाही, रहदारी नाही,
लार्चची झाडं ऑक्टोबरात पिवळी होतात, अकरा दिवस.
लग्नाची मुलगी दाखवावी तसे मी डोंगर दाखवले,
उजवीकडून, उन्हात, जरा मागे सरून.
व्हर्ला स्टॉजिलच्या कुरणातला विजेचा खांब
अंगठ्याने झाकून फोटो काढला.
अंगठा फोटोत आला.

मे महिन्यात एक जण आला, जागा बघायला.
नाव एम्रिस, बूट पांढरेशुभ्र.
बोटांची चौकट करून त्यातूनच सगळं पाहायचा,
मलासुद्धा.
धबधबा दाखवला. "छान," म्हणाला.
दरी दाखवली. "छान," म्हणाला, आणि फोन उंच धरून रेंज शोधली.
ऑरिन ट्वीटने त्याच्यासाठी आदल्याच आठवड्यात
अख्खं कोठार लालभडक रंगवून घेतलं होतं.
"अरेरे," म्हणाला.

परतताना, बंद सॉ-मिलच्या मागे,
जिथे मी गाडीचा वेगही कमी करत नाही,
तो ओरडला, "थांबा!"
गंजलेली चिमणी. फुटक्या काचा. फाटकात माजलेलं काटेरी गवत.
हजेरीच्या फळीवर अजून एकशे बारा खिळे,
बिल्ला एकावरही नाही.
"किती सुंदर उजाड आहे हो तुमचं हे!"
मी म्हटलं, "थँक्यू."
दुसरं काय म्हणणार?
माझ्या बापाचा खिळा सत्तेचाळिसावा.

सप्टेंबरात ट्रक आले.
मोटेलच्या चौदाच्या चौदा खोल्या भरल्या,
कॅफेत रोज नव्वद न्याहाऱ्या,
मार्तिन उरियार्तेने मेंढ्या तीन दिवस भाड्याने दिल्या
आणि विकून मिळाले नसते एवढे पैसे मोजून घेतले.
गोष्ट अशी होती की सगळं गाव मेलंय, एक मुलगी उरलीय.
आम्ही रोज पंच्याऐंशी डॉलरला मेलो.
ऑरिन इतका छान मेला की त्याला दुसऱ्या दिवशीही बोलावलं.

चौथ्या दिवशी त्यांनी कॉम्प्रेसर लावून मिलचा भोंगा चालू केला.
त्या मुलीने दचकायला हवं होतं, म्हणून.
सव्वीस वर्षांनी तो वाजला, बारा वाजून वीस मिनिटांनी.
मी खिडकीत होते. गुरुवार.
समोर वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात
सात म्हातारे एकदम उठायला लागले.
एकाने मांडीवरची उशी डब्यासारखी काखेत मारली.
आणि माझ्या बापाने, ज्याला माझं नाव अधूनमधूनच आठवतं,
खिशात हात घालून बिल्ला चाचपला.
बिल्ला होता. पितळी,
आकडा चोळून चोळून जवळजवळ गेलेला.

आवाज जरा फाटला, दिग्दर्शक म्हणाला, पुन्हा घेऊ.
पाच वेळा घेतला.
पाचही वेळा ते उठले.

सिनेमा बघायला आम्ही दीड तास गाडी हाकत गेलो.
गावाचं नाव दुसरंच, राज्यही दुसरं,
भोंग्याच्या जागी व्हायोलिनं.
शेवटी आभारांत आमची काउंटी, चार सेकंद,
स्पेलिंग चुकलेलं.

आता एम्रिस विचारतोय, आणखी असं काही आहे का,
बंद पडलेलं?
आहे की. यादी केलीय मी: शाळा, बँक, रेल्वेचं ठाणं,
व्हर्लाच्या भावाचा पेट्रोल पंप.
भोंगा यादीत घातला नाही.
कॉम्प्रेसर ते इथेच विसरून गेलेत.
किल्ली माझ्या खणात, परवान्यांच्या पावत्यांखाली.
आज शुक्रवार, कुत्र्यांचा दिवस.
बारा वाजायला अजून अवकाश आहे.