उणे चाळीस

आज शाळेची बस निघणार नाही.
पहाटेच निरोप आला,
म्हणून मीही पेट्रोलपंपामागच्या खाणावळीत येऊन बसले,
ज्यांना कुठेच पोचायचं नसतं
त्यांच्या टेबलाशी.

बाहेर आठ गाड्या वायरीने भिंतीला जोडलेल्या,
लुचणाऱ्या पिलांसारख्या.
सास्काचेवानात इंजिनालाही रात्रभर ऊब द्यावी लागते,
नाहीतर सकाळी ते हट्टाला पेटतं
पण पेटत नाही.

ओरेस्ट पालामार्चुक कानटोपी न काढता पेपर उघडतो.
"सोमवारपासून आपल्या इस्पितळातला तातडीचा विभाग
रात्री आठ ते सकाळी आठ बंद.
तात्पुरता, म्हणतात मंत्री."

"तात्पुरता!" व्हर्ना लिंडक्विस्ट चमचा आपटते.
"रेल्वेही तात्पुरतीच बंद केली होती.
रुळांवरून आता कोल्हे जातात, तेही वेळेवर."

"तीनशे बारा सह्यांचा अर्ज दिला होता आपण."
"थंड्या बस्त्यात गेला."
"त्यांच्या पोटातलं पाणी हलत नाही."
"गोठलंय ते," मी म्हणते.
कुणी हसत नाही.
मग डेल्फीन लारोक हसते, आणि हसता हसता
सगळं टेबल खोकायला लागतं.

पंचेचाळीस वर्षं ओरेस्टची पेन्सिल
एकाच नावापुढे फुली मारत आली.
व्हर्नाची दुसऱ्याच.
त्या दोन फुल्यांनी एकमेकींना रद्द केलं
दर निवडणुकीत,
आणि मग दोघं मिळून इथेच कॉफी प्यायले.

ओरेस्ट अजून फॅरेनहाइटमध्ये बोलतो.
सरकारने सेल्सिअस लादलं
तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं.
बायको गेली. फॅरेनहाइट राहिलं.
व्हर्ना शाळेत विज्ञान शिकवायची,
रोज त्याला दुरुस्त करते, रोज तो चिडतो,
आज मात्र खिडकीबाहेरची सुई बघून
दोघांच्या तोंडून एकदमच आलं:
"उणे चाळीस."
दोन्ही मापं फक्त इथेच भेटतात.
दोघं गप्प. चोरी पकडल्यासारखी.

तेवढ्यात रोवेना माग्सिनो किटली घेऊन आली,
पोट पुढे, एप्रनची गाठ पाठीवर जेमतेम पोचलेली.
सातवा महिना.
ती बातांगासहून आली तेव्हा
तिने पहिला बर्फ जिभेवर घेऊन बघितला होता.
मत नाही तिला अजून. शपथ एप्रिलमध्ये,
बाळ फेब्रुवारीत.
आधी लेक नागरिक होणार, मग आई.

सगळे पेपरकडे बघायला लागले.
बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"पुढचं इस्पितळ एकशे सहा किलोमीटर," डेल्फीन म्हणाली.
"सहासष्ट मैल," ओरेस्ट.
"मैलांत सांगून रस्ता आखूड होत नाही."
"माझा ट्रक प्लगलाच असतो. रात्री कधीही दार वाजव, पोरी."
"रात्री तुला तोफ ऐकू येत नाही. मला उठव, रोवेना."
"तुझी गाडी? ती उणे तिसालाच मान टाकते!"
आणि पुन्हा जुंपली,
मंत्री राहिले बाजूला.

माझ्याकडे बेचाळीस सीटची बस आहे,
असं ओठांवर आलं होतं.
पण चाळिशीखाली ती काढायची नाही
असा नियम आहे. सही आहे माझी त्यावर.

रोवेनाने कुणालाच उत्तर दिलं नाही.
ओरेस्टचा कप भरला, व्हर्नाचा अर्धा,
कारण तिला अर्धाच लागतो.

बिलासाठी फासे टाकले. ओरेस्ट हरला,
फाशांनाही त्याने सरकारचंच नाव ठेवलं.
उठताना पुन्हा सुईकडे बघितलं त्यांनी.
"एक्केचाळीस."
"बेचाळीस!"
दार उघडलं तेव्हा दोघांच्या तोंडातून
शब्दांआधी वाफ निघत होती.

मी घरी जाताना शाळेच्या आवारात वळले.
हातमोजा काढला, बोटं लगेच बधिर.
बसची वायर शोधली बर्फाखाली
आणि सुट्टी असूनही
भिंतीत खोचून आले.