शिळं पाणी

हडर्सफील्डच्या चढावर, शेवटून दुसऱ्या घरामागे
एनिड गारसाइडचं तळं आहे.
तळं म्हणजे, विल्फनं एका सुट्टीत खणलेला खड्डा,
आत काळं रबर, कडेला न्हाणीघरातून उरलेल्या फरशा,
त्यातली एक अजून डुगडुगते.
सात गोल्डफिश. गेल्या वर्षी अकरा होते.

यंदा ऑगस्ट कोरडा गेला.
पाणी वीतभर उतरलं, रबर उघडं पडलं
कवळी काढलेल्या हिरडीसारखं.
नळ दहा पावलांवर. पाईप खिळ्याला गुंडाळलेला.
एनिड त्याला हात लावत नाही.

गेल्या वर्षी जावयानं लावला होता.
भला माणूस, रॉडरिक. मदत म्हणूनच
पाईप तळ्यात सोडला, तेवढ्यात फोन वाजला,
बोलत बोलत पुढच्या दारी गेला.
परतला तेव्हा तळं काठोकाठ, लख्ख,
आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते,
एकाच अक्षरावर अडकलेल्या वर्गासारखे.
उजाडेपर्यंत चार आडवे.

पाण्यात काय होतं? आपण पितो तेच.
जंतू मरावेत म्हणून घातलेलं औषध, नखभर.
आपण पाणी गिळून मोकळे होतो.
त्यांना त्यातूनच श्वास घ्यायचा असतो.

जावयाला ती पाण्यात पाहत नाही.
पाण्यात ती मासेच पाहते, मोजते,
सकाळी एकदा, अंधारताना एकदा.

विल्फच्या वेळी सोपं होतं.
बादल्या रात्रभर उघड्या ठेवायच्या,
वास उडून जायचा, पाणी शिळं व्हायचं, झालं.
भाकरी शिळी नको, बातमी शिळी नको,
माशाला मात्र पाणी शिळंच हवं, असं तो म्हणायचा
आणि स्वतःच हसायचा.

तरी तिनं पाणी कंपनीला फोन लावला.
अकरा मिनिटं पियानो ऐकला.
मग एक मुलगी म्हणाली, "कधी क्लोरीन असतं, मिसेस गारसाइड,
कधी क्लोरामाइन. ते असं ठेवून उडत नाही."
"स्पेलिंग सांग," एनिड म्हणाली,
आणि कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं,
विल्फच्या बादल्यांच्या हिशोबाखाली.

म्हणून आता बाटली आहे. निळं औषध, पांढरं झाकण,
वरची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी.
शेजारची माहनूर, वय नऊ, ती वाचते,
पिंपाचे लिटर भागते, झाकणं मोजते,
एक थेंब जास्त पडला तर ओरडते.
मग एनिड बाही वर करून
कोपर पिंपात बुडवते,
मुलीच्या आंघोळीचं पाणी पाहायची तसं.
गार आहे. अजून उन्हात राहू दे.

रविवारी रॉडरिक आला.
नळाकडे पाठ करून उभा राहिला,
हात खिशात, नजर फरशीवर.
एनिडनं त्याच्या हातात जग दिला.
"दगडावर ओत. हळू."
तो गुडघ्यावर बसला, चांगली पॅन्ट होती तरी.

पहिला जग गेला. मासे खाली, गवतात.
"दुसरा?"
"थांब."

सर्वात मोठा, पाठीवर पांढरा डाग असलेला,
जत्रेत पिशवीतून जिंकून आणलेला, माहनूरच्या दुप्पट वयाचा,
वर आला. त्याला नाव नाही.
विल्फ त्याला नुसतं 'हा' म्हणायचा.
कल्ले उघडले, मिटले.
नव्या पाण्यातून एक फेरी मारून गेला.

"आता?" रॉडरिकनं विचारलं.
"अजून थोडं थांब," ती म्हणाली,
आणि डुगडुगत्या फरशीवर, त्याच्या शेजारी,
खांद्याचा आधार घेत बसली.
पिंपात अजून पुष्कळ पाणी होतं.