कॅमेरा नंबर अकरा

हेमाडग्याच्या नाक्यामागं, पत्र्याच्या खोलीत
मी फोटो निवडतो,
सुपातले तांदूळ निवडावेत तसे.
खानापुराहून वीज आली तर आली.
रोजंदारी तीनशे ऐंशी, जेवण ज्याचं त्यानं.

काम सोपं आहे.
अस्वल एका फोल्डरात, गवा एका,
सांबर, पिसोरी, साळिंदर, उदमांजर.
नुसतं पान हललं म्हणून उडालेला फोटो : रिकामा.
आणि माणूस दिसला तर काढून टाकायचा.
मंजुनाथसाहेबांनी आधी कन्नडात सांगितलं,
मग मराठीत,
मग बोट ठेवून बटणच दाखवलं.

ओढ्याकाठच्या जांभळासमोर बांधलेला
कॅमेरा नंबर अकरा.
पहाटे चार दहा. बावीस अंश. चंद्र अर्धा.
अस्वलीण, पिल्लू पाठीवर,
खाली पडलेली जांभळं वेचते.
पाच पन्नास. साळिंदर.
तिनं टाकलेलं उष्टं हुंगतं.
सहा वीस. भागू झोरे, वरच्या गवळीवाड्यातली,
पोर पाठीशी बांधलेलं,
त्याच जागी, तश्शीच वाकलेली.
एक ओटीत, एक तोंडात.
मागून पोराचा हात पुढं आलाय :
मला.

भागू काढली.
मधे दोन तासांचं भोक पडलं.
पुढच्या फोटोत एकदम वानरं,
आणि झाडाखालची जमीन झाडल्यासारखी साफ.
कोणी खाल्ली, विचारलं तर
कॅमेरा म्हणेल, कोणीच नाही.

चहा करून आलो तर
पुढं एक जनावर होतं.
चार पायांवर. ओढ्याला तोंड लावलेलं.
पाठ चिखलानं भरलेली, मान खाली,
कानामागं पाणी ओघळतंय.
गवा म्हणावं तर लहान,
अस्वल म्हणावं तर केस कुठायत?
मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.
कमरेला चाव्यांचा जुडगा.

मीच तो.
बॅटऱ्या बदलायला गेलो होतो त्या दुपारी,
बाटली नाक्यावर राहिली होती.
आठवलं : पाण्याला कुजक्या पानांचा वास होता,
आणि पिताना मला
माझं नाव लागलं नव्हतं.

बटणावर बोट तसंच.
वीज गेली.
अंधारात बाहेर कायतरी पालापाचोळा तुडवत गेलं,
दोन पायांचं की चार, कळलं नाही.

वीज आली तेव्हा
कचऱ्याच्या डब्यातून भागूला परत काढली, पोरासकट.
नवीन फोल्डर केलं.
त्यात अस्वलीण, तिचं पिल्लू, साळिंदर,
भागू, वानरं, मी,
आणि तो रिकामा म्हणून टाकलेला,
ज्यात फक्त एक जांभूळ पडताना दिसतंय,
फांदी आणि जमिनीच्या मधोमध.

सोमवारी साहेब विचारतील,
हा कुठला प्राणी रे नवीन?
नेरळे, म्हणेन. आमच्यात जांभूळ.
नाहीच पटलं तर
जीभ दाखवेन.