चारशे दहा जीबी

नारीनमध्ये रात्री नेट जरा बरं चालतं, म्हणून
तेमिरकुल दोन वाजता उठून बघतो :
सहा टक्के.
झोपताना पाच होते.

बिश्केकहून आयझिरेकचा निरोप :
एडिटर ताटकळलाय, तासावर पैसे घेतो,
हलकी कॉपी तरी पाठव.
पाठवली.
तिच्यात बुरुलचाच्या बोटांवरच्या भेगा बुजल्या,
लोकर कुठली, वाफ कुठली कळेना,
चेहरा झिजल्या साबणासारखा.

सकाळी हार्डडिस्क मोज्यात,
मोजा चहाच्या डब्यात,
डबा साग्यनच्या व्हॅनपाशी.
"काय आहे?"
"चारशे दहा जीबी."
साग्यनने हातावर तोलून पाहिलं.
"कांद्याएवढंसुद्धा नाही की रे!"
भाडं मात्र माणसाचं घेतलं, आणि डबा ठेवला
पुढच्या काचेशी,
घोडीच्या दुधाच्या बाटलीला टेकून.

दोलोनच्या घाटात बर्फ पडत होतं.
दिवसभर फोन पालथा.

संध्याकाळी : पोचलं. उघडलं. सगळं आहे.
लगेच दुसरा :
अकराव्या क्लिपमध्ये ती चार मिनिटं
अर्धवट नमद्याकडे नुसती बघत बसलीये.
कापू ना?

तेमिरकुल लिहितो, पुसतो.
त्या चार मिनिटांनंतर तिने
नवऱ्याचं नाव घेतलं होतं, एकदाच,
आणि कॅमेऱ्यामागे ह्याला
खोकला दाबून धरावा लागला होता.

शेवटी एवढंच लिहितो :
आधी पूर्ण बघ.

खिडकीत लॅपटॉप अजून पाठवतोच आहे.
नऊ टक्के.
त्याला कुणी सांगितलंच नाही.